दोन घरांचं एक कालनिर्णय

मराठी घरात दुधाचा हिशोब भिंतीवर असतो. कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने ‘खाडा’, शेजारी ‘अर्धा जास्त’, खाली सिलिंडर लावल्याची तारीख, पोळ्यांच्या मावशी आल्या नाहीत त्या दिवशी फुली. पुण्यात जसं, तसंच इंदूरलाही. रामबागेतल्या जुन्या घरात आणि विजयनगरच्या फ्लॅटमध्येही. आई-वडील वेगळे राहायला लागले की त्याच चौकटींत आणखी एक नोंद सुरू होते: मूल आज कोणाकडे.

ही नोंद कशी करायची यावर मोठी माणसं भांडतात ती टक्क्यांत. अर्धं-अर्धं, सत्तर-तीस, ‘निदान चाळीस तरी’. मुलाला टक्के कळत नाहीत. त्याला खाडा कळतो: बाबा शेवटचे भेटले त्याला किती दिवस झाले, आई परत कधी दिसणार. म्हणून वेळापत्रकाचा मसुदा समोर आला की आधी त्यातला सगळ्यात मोठा खाडा शोधावा आणि मूल किती वेळा या दारातून त्या दारात जाणार ते मोजावं. टक्के त्यानंतर.

आपल्याकडे सर्रास दिसणारा तोडगा घ्या: महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेट. वाचताना वाटतं, पंधरा दिवसांनी एकदा. पण ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, त्या महिन्याचा चौथा आणि पुढच्या महिन्याचा दुसरा यांत तीन आठवडे जातात. वर्षात 52 शनिवार, बारा महिन्यांचे चार-चार धरले तर 48. म्हणजे असे पाच शनिवारांचे महिने किमान चार. पाच वर्षांच्या मुलाला तीन आठवडे म्हणजे अख्खा पावसाळा. ‘दुसरा आणि चौथा’ याऐवजी ‘अमुक तारखेपासून दर चौदा दिवसांनी’ एवढं लिहिलं, तर खाडा कायम दोन आठवड्यांचाच राहतो, आणि वर्षाच्या भेटी 24 वरून 26 होतात. एका वाक्याचं काम आहे, पण ते मसुदा सहीला जायच्या आधी करायचं.

आता रात्री मोजू. आठवड्याआड शुक्रवारी संध्याकाळी नेलं आणि रविवारी संध्याकाळी परत आणलं, तर चौदातल्या दोन रात्री, वर्षाच्या 52, आणि मध्ये बारा दिवसांचा खाडा. रविवारऐवजी सोमवारी सकाळी थेट शाळेत सोडलं की तीन रात्री, वर्षाच्या 78. शिवाय एक फायदा मोजणीत दिसत नाही: रविवारची संध्याकाळ ‘परत जायची’ संध्याकाळ राहत नाही. गृहपाठ, बूटपॉलिश, डबा, सगळं दुसऱ्या पालकाच्याही वाट्याला येतं. नुसती आइस्क्रीम आणि सिनेमा येत नाही. यात दर बुधवारची एक रात्र घाला. चौदातल्या पाच झाल्या, आणि सगळ्यात मोठा खाडा बारा दिवसांवरून सहावर आला. माझ्या मते शाळेत जाणाऱ्या मुलासाठी हा बुधवार सगळ्या वेळापत्रकातला सर्वांत मोलाचा दिवस, आणि घासाघीस सुरू झाली की नेमका तोच पहिल्यांदा सोडला जातो.

समसमान वाटणीचे तीन प्रकार चालतात. आठवडा इकडे, आठवडा तिकडे: पंधरवड्यात दोनच अदलाबदली, पण खाडा सात दिवसांचा. दुसरा, सोमवार-मंगळवार एकाकडे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याकडे, आणि शुक्रवार ते रविवार आळीपाळीने. अदलाबदली चार, खाडा पाच दिवसांचा. याची खुबी ही की वार पक्के राहतात. तबल्याचा क्लास मंगळवारी असेल तर तबला कुठल्या घरी ठेवायचा हे एकदाच ठरतं. तिसरा, दोन-दोन-तीन: खाडा तीन दिवसांपलीकडे जात नाही, पण पंधरवड्यात सहा वेळा बॅग भरायची आणि वार दर आठवड्याला उलटे. दोन्ही घरं एकाच बाजूला, म्हणजे टिळकनगर आणि साकेत अशी असली तर हे जमतं. एक घर लोकमान्यनगरला आणि दुसरं विजयनगरला असलं, तर संध्याकाळी पलासिया चौक ओलांडतानाच वेळापत्रकाचा जीव जातो.

वयाचा विचार याच मोजणीत बसतो. दीडेक वर्षापर्यंतच्या बाळाला लांब भेटी नकोत, वारंवार हव्यात: आठवड्यातून तीनदा दोन-अडीच तास, झोपेची आणि दुधाची वेळ सांभाळून, त्याच्या ओळखीच्या जागेत. दोन ते पाच वर्षांत खाडा तीन दिवसांच्या आत असावा. रात्रीचा मुक्काम एकेकीने सुरू करावा, पहिल्याच खेपेला तीन नकोत. सहा ते दहाला पाच दिवस झेपतात. अकरा-बारानंतर आठवडा चालतो, बऱ्याचदा मुलंच तो मागतात, कारण त्यांना बॅग भरायचा कंटाळा आलेला असतो. हे काटेकोर नियम नव्हेत. घाबरट मूल आणि बिनधास्त मूल यांच्यात दोन वर्षांचा फरक सहज पडतो.

शब्दांबद्दल थोडं, कारण इंदूरच्या मराठी माणसाची इथे दुहेरी पंचाईत होते. कागद हिंदीत असतात. कोर्टात ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड. पुण्याहून आलेली आत्या ते ऐकून नोकरी कोणी सोडली असं विचारते. मराठीत आपण ‘ताबा’ म्हणतो, जो प्लॉटचा घेतात, गाळ्याचा घेतात. हिंदी आदेशात ‘अभिरक्षा’ असतं, त्यात निदान राखणं आहे, सांभाळणं आहे. आणि ज्याला ‘भेट’ किंवा ‘मुलाकात’ म्हणतात, त्या शब्दाने आई किंवा बाप एकदम पाहुणाच होतो. घरात बोलताना ‘बाबांकडचे दिवस’, ‘आईकडचे दिवस’ असं साधं म्हणावं. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ हे दोन शब्द मात्र टाळलेले बरे. ‘तिकडे काय खाल्लंस?’ या प्रश्नातला ‘तिकडे’ किती लांबचा असतो, ते विचारणाऱ्या आजीला कळत नाही, उत्तर देणाऱ्या नातवाला कळतं. सुदामानगरचं घर, टिळकनगरचं घर, अशी वस्तीची नावं वापरली की ‘तिकडे’ची गरजच राहत नाही.

कायद्याचं लवकर आटोपतो. पालक आणि पाल्य कायदा 1890 चा. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा 1956 चा. दुसऱ्याच्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं, आणि कलम 13 प्रमाणे सगळ्यात वर मुलाचं हित. ‘पाच वर्षं झाली की मूल आपोआप वडिलांकडे’ असं अर्धं गाव सांगतं. तसं कायद्यात कुठेही नाही. दोघांनी मिळून स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेला करार मोडला गेला, तर तो नुसता दाखवून मूल आणता येत नाही. तेच वेळापत्रक सहमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात अटी म्हणून घालावं, किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली कुटुंब न्यायालयाच्या आदेशात येऊ द्यावं. मग त्याची अंमलबजावणी मागता येते. मुलाबाबतचा आदेश कधी कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. तेव्हा आज तडजोड केली म्हणजे जन्माचं लिहून दिलं, ही भीती नको. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात दोन्ही पालकांचं प्रेम हा मुलाचा हक्क म्हटलं आणि दूर राहणाऱ्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलता यावं, असंही सांगितलं. आणखी एक गाठ इथेच सोडवून टाकावी: पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवता येत नाही. दोन्हींची दाद वेगवेगळी मागायची. ही गाठ बहुतेक वेळा रागाने मारलेली असते आणि वकिलांच्या फीने सुटते.

मसुद्यात सगळ्यात घातक शब्द कुठला, तर ‘परस्पर सोयीने’. पहिलं भांडण होईपर्यंत तो गोड वाटतो. त्याच्या जागी तास लिहावेत. कोण नेणार? ज्याचे दिवस सुरू होतात त्याने न्यायला यावं, का ज्याचे संपतात त्याने पोचवावं? दोन्ही चालतं, पण एक ठरवावं. मला दुसरी रीत बरी वाटते. आईने स्वतः बाबांच्या दारात सोडलं की मुलाला ‘जा’ असं न बोलता सांगितलं जातं. न्यायला कोणी आलं की ते ओढून नेल्यासारखं वाटू शकतं. उशिराला अर्धा तास माफ, त्यापुढे फोन, आणि तासभर वाट पाहूनही कोणी आलं नाही तर ती पाळी गेली. दिवसांची अदलाबदल हवी असेल तर 48 तास आधी, लेखी, एकाच मेसेज-धाग्यावर. उत्तर 24 तासांत. उत्तर नाही म्हणजे नकार. हे वाचायला रुक्ष आहे, मान्य. पण उन्हात गेटपाशी उभं राहून वाद घालण्यापेक्षा रुक्षपणा परवडतो.

अदलाबदलीची उत्तम जागा शाळा. एकाने सकाळी सोडायचं, दुसऱ्याने दुपारी न्यायचं. दोघं समोरासमोर येत नाहीत, आणि मूल कोणाला सोडून जात नाही, फक्त शाळेतून घरी जातं. त्यासाठी तीन कामं करून ठेवायची. शाळेच्या नोंदीत दोघांची नावं आणि फोन. आदेशाची प्रत आणि वारांचा तक्ता जोडून ऑफिसात अर्ज. आणि व्हॅनवाल्या भैयांना वेगळी चिठ्ठी. शाळेला कळवलं आणि व्हॅनला नाही, की बुधवारी मूल जुन्या पत्त्यावर कुलूपबंद दारासमोर उतरतं. सुटीच्या दिवसात शाळा नसते, तेव्हा सावली, बसायला जागा आणि स्वच्छतागृह असलेलं ठिकाण बघावं: वाचनालय, पोहण्याचा तलाव, क्लासची इमारत. छप्पन दुकानची खाऊगल्ली मुलांना आवडते, पण रविवारी संध्याकाळी तिथे गाडी लावण्यातच अर्धा तास जातो. बुधवारी खजराण्याच्या गणपतीला भेटू म्हणणाऱ्यांनी तिथली बुधवारची गर्दी बघून यावी.

बॅगेचं सूत्र असं: जे स्वस्त आणि रोजचं, ते दोन्हीकडे, जे महाग किंवा एकुलतं एक, ते मुलाबरोबर. ब्रश, तेल, घरचे कपडे, कंपासपेटी, पांघरूण, दोन गणवेश, दोन्हीकडे. चष्मा, दातांची क्लिप, दम्याचा पंप, शाळेची डायरी, झोपताना लागणारी ती एक मळकी चादर, बॅगेत. पीटीचे पांढरे बूट हमखास चुकीच्या घरी सापडतात. घ्या दोन जोड. औषधाची बाटली पाठवताना झाकणावर पट्टी चिकटवून शेवटचा डोस कधी दिला ते पेनने लिहावं. ‘दुपारी दिलंय बहुतेक’ असं पाच वर्षांच्या मुलाकडून कळवणं म्हणजे डोस दुप्पट होण्याची सोय. दाराशी खुंटीवर टांगलेल्या या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात यादी असते, लॅमिनेट केलेली, नऊ-दहा वस्तूंची. फीची पावती, वकिलाचं पत्र, टोमणा, यांतलं काहीही त्या कप्प्यात जाऊ नये. मूल टपाल नव्हे.

सण हा सगळ्यात गुंत्याचा भाग, आणि इथे इंदूरचं वेगळेपण उघडं पडतं. आदेशात लिहिलेलं असतं ‘होळी’. इंदूरच्या मुलाला होळीपेक्षा रंगपंचमी मोठी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, त्या दिवशी निघते. होळी एकाकडे लिहिली आणि रंगपंचमीचा उल्लेखच नाही, की त्या दिवशी वार ज्याचा त्याचा हक्क, आणि भांडण तयार. तसंच अनंत चतुर्दशीचं. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, अजून रात्रभर निघतात; ‘संध्याकाळी सातपर्यंत’ अशा अटीत ती रात्र मावत नाही. दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत, असं लिहावं लागतं.

‘दिवाळी एक वर्षाआड’ हेही अपुरं. दिवाळी म्हणजे कुठली? नरकचतुर्दशीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान, उटणं आणि फटाके, लक्ष्मीपूजनाची रात्र, पाडवा, भाऊबीज. भाऊबीजेला बाबांकडे आत्या ओवाळायला येते, आणि त्याच दिवशी आईला मामाकडे जायचं असतं. दोन्हीकडचे मागणे खरे. म्हणून दिवाळीच्या दिवसांचे दोन तुकडे करावेत: वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपर्यंत एक, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून भाऊबीजेच्या रात्रीपर्यंत दुसरा. सम वर्षी पहिला तुकडा आईचा, विषम वर्षी बाबांचा. गणपती ज्या घरी बसतो ते घर बदलत नाही, तेव्हा चतुर्थी त्या घराची पक्की, आणि तिच्या बदल्यात गौरी किंवा दसरा दुसऱ्याचा पक्का. सगळंच आलटून-पालटून करायची गरज नसते.

आणि तारखा लिहू नयेत, तिथ्या लिहाव्यात. गणेश चतुर्थी 2025 ला 27 ऑगस्टला होती. 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला. ‘27 ऑगस्ट’ असं टाइप झालेला कागद दुसऱ्याच वर्षी निरुपयोगी. सणाचा नियम आठवड्याच्या नियमाच्या वर, आणि सुटीचा नियम दोन्हींच्या मध्ये, हा क्रमही लिहून ठेवावा. नाहीतर दसरा बुधवारी आला की दोघांकडेही कागद असतो आणि दोघंही बरोबर असतात.

वाढदिवसाची सोय मात्र आपल्या पंचांगाने आधीच करून ठेवली आहे. तिथीने औक्षण, तारखेने केक. एक घर तिथीचं, एक तारखेचं, मुलाचा फायदाच.

उन्हाळ्याची सुटी ‘निम्मी-निम्मी’ असते, आणि निम्मी कुठून मोजायची यावर मे महिना जातो. शाळेच्या शेवटच्या दिवसानंतरचा पहिला शनिवार, तिथून मोजावी. शाळा उघडण्याआधीचे पाच दिवस मूल त्या घरी असावं जिथून ते शाळेत जातं, म्हणजे वह्यांना कव्हरं घालून होतात. आठ वर्षांखालच्या मुलाला सलग महिना देऊ नये. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे, मधे फोन. नोकरीमुळे एक पालक पुण्या-मुंबईला गेला असेल (इंदूरच्या मराठी घरांत हे नेहमीचंच), तर आठवड्याआडचा शनिवार-रविवार विसरावा. मुंबईहून रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने निघून सकाळी इंदूरला पोचता येतं. तेव्हा महिन्यातून एकदा त्या पालकानेच यावं, आणि कमी पडलेल्या रात्री सुटीत भरून घ्याव्यात. आठवड्यात दोनदा बारा तासांचा प्रवास करणारं मूल सोमवारी वर्गात झोपतं.

रोजच्या फोनला वेळ बांधावी, साडेसात ते पावणेआठ. स्पीकर बंद, बाकीचे दुसऱ्या खोलीत. पाच वर्षांचं मूल तीन मिनिटांत ‘ठेवू का?’ म्हणतं, त्याचा अर्थ ‘शिकवून ठेवलंय’ असा काढू नये, खेळ अर्धा राहिलाय इतकाच असतो. लहानांना गप्पा मारता येत नाहीत, दाखवता येतं: पडलेला दात, किल्ल्यावरचा मावळा. ‘काय केलंस आज?’पेक्षा ‘दाखव बरं’ चांगलं.

तापाचा नियम आधी ठरवावा: ताप आला त्या वेळी मूल ज्या घरी, तिथेच राहील, दुसरा पालक रोज तासभर येऊन बसेल, बुडालेले दिवस पुढच्या दोन आठवड्यांत भरून निघतील. हा शेवटचा भाग नसला की दर तापाकडे संशयाने पाहिलं जातं. संशय नको म्हणून डॉक्टर एकच, फाइल एकच, आणि तिचा फोटो दोघांकडे.

मग येते ती अदलाबदलीची संध्याकाळ. मूल घरात शिरतं आणि चप्पल भिरकावतं. जेवणार नाही म्हणतं, पोट दुखतं म्हणतं, धाकट्याला ढकलतं. दोन्ही घरं यातून एकच निष्कर्ष काढतात, फक्त बोट वेगळीकडे: ‘काय शिकवून पाठवलंय बघा.’ बहुतेक वेळा ते शिकवलेलं नसतं. एका घरातून मन काढून दुसऱ्या घरात लावायला त्याला पाऊण तास लागतो, मोठ्यांनाही लागला असता. त्या पाऊण तासात प्रश्न नकोत, पाहुणे नकोत, गृहपाठ नको. दर वेळी एकच जेवण असावं, वरण-भात-तूप किंवा पोहे, आणि एकच ठरलेलं काम: कुंड्यांना पाणी घालणं, पत्त्यांचा एक डाव. हे दोन-तीन महिन्यांत ओसरतं. ओसरण्याऐवजी वाढत गेलं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होऊन आठवडे टिकलं, किंवा एखाद्या ठरावीक माणसाचं नाव निघताच मूल गप्प होऊ लागलं, तर वेळापत्रकाशी खेळत बसू नये, बालमानसतज्ज्ञाकडे जावं. चाइल्डलाइनचा नंबर 1098 आहे.

वरचं सगळं ज्या घरांत मारहाण, व्यसन किंवा पळवून नेण्याची भीती नाही, त्यांच्यासाठी. जिथे ती आहे तिथे खाडा मोजण्याचा प्रश्न येत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 च्या कलम 21 खाली मुलाला तात्पुरतं एकाकडे ठेवण्याचा आदेश मिळतो, आणि भेट मुलाला हानिकारक वाटली तर दंडाधिकारी ती नाकारूही शकतात. मधला मार्ग म्हणजे तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली ठरलेल्या जागी दोन तास. हा तिसरा माणूस आजी असू नये. तिला बाजू असते.

डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की दोन प्रती घ्याव्यात, एकेका घरात एक. दोन रंगांचे पेन. आधी तिथीचे सण, मग सुट्या, मग दर चौदा दिवसांचे वार, शेवटी पाच शनिवारांचे महिने तपासायचे. एकाने भरावं, दुसऱ्याने पडताळून पाहावं, फोटो त्याच मेसेज-धाग्यावर. मूल दहाचं झालं की त्याच्या हातात पेन्सिल द्यावी. ते मॅचची तारीख लिहितं, मित्राच्या घरचा मुक्काम, युनिट टेस्ट, आणि रविवारच्या एखाद्या चौकटीत नुसतंच ‘सायकल’. तो रविवार निळा आहे का लाल, हे त्याने पाहिलेलं नसतं. सायकल कुठल्या घरी आहे, ते मात्र त्याला माहीत असतं.